फ्रीमन फार्म, ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज : १८३० च्या दशकातलं शेत, कामासकट

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टरब्रिज गावात ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज हे खुलं संग्रहालय १९४६ पासून सुरू आहे. क्विनेबॉग नदीकाठची दोनशेहून जास्त एकर जागा, न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या, वेगवेगळ्या भागांतून उचलून आणून इथे पुन्हा उभारलेल्या चाळीसेक इमारती, आणि त्यात १७९० ते १८४० या काळातलं गावाकडचं आयुष्य. भर मुख्यतः १८३० च्या दशकावर. बहुतेक पाहुणे सकाळी आत शिरतात आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतींच्या दारांत डोकावून येतात. फोटो भरपूर मिळतात, कळत मात्र काहीच नाही. आमचं मत सरळ आहे. एकच दिवस हाताशी असेल तर निम्म्याहून अधिक वेळ फ्रीमन फार्मवर घालवावा. उरलेला वेळ त्या शेताचा ज्यांच्याशी रोजचा व्यवहार होता अशा तीन-चार ठिकाणांना द्यावा, म्हणजे दळणाची गिरणी, लोकर पिंजायची गिरणी, लोहाराचा भाता आणि दुकान. तिकीट साऱ्या गावाचं एकच आहे, शेतासाठी वेगळं काढावं लागत नाही.

शेतावरचं घर प्लिनी फ्रीमनच्या कुटुंबाचं. ते स्टरब्रिजमधलंच आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. त्याच्या आसपास गोठा-कोठार, मक्याची कोठी, भाजीचा वाफा, कुरणं आणि शेताचे तुकडे. हे शेत चांगलं वाटण्याचं पहिलं कारण म्हणजे काम दाखवण्यापुरतं होत नाही. दूध आलं की त्याचं काहीतरी करावंच लागतं, गवत कापलं की ते पावसाआधी आत घ्यावंच लागतं. दुसरं कारण इथल्या माणसांची बोलण्याची पद्धत. वेशभूषेतले कर्मचारी १८३० सालातली पात्रं रंगवत नाहीत. कपडे, अवजारं आणि काम त्या काळचं असतं, पण बोलतात ते आजच्या जाणकारासारखे. त्यामुळे ‘हे बिघडलं तर काय करायचे?’, ‘यातला किती माल विकला जायचा?’, ‘हेच काम आता कसं होतं?’ असं काहीही विचारता येतं आणि नीट उत्तर मिळतं. पात्र रंगवणाऱ्या संग्रहालयांत नाट्य जास्त असतं, पण तिथे कारणं विचारायची सोय राहत नाही. शेती समजून घ्यायची तर इथली पद्धत कितीतरी उजवी.

आत शिरण्याआधी एक साखळी डोक्यात घेतली तर प्रत्येक काम जागेवर बसतं. मध्य मॅसॅच्युसेट्समधल्या अशा कुटुंबाकडे पन्नास ते शंभर एकर जमीन असायची, पण नांगराखाली जेमतेम पाच-सहा एकर. बाकी सगळं कुरण, गवताचं रान आणि लाकूडफाट्याचं जंगल. गवतावर गुरं जगायची, गुरांचं शेण मक्याला जायचं, मका माणसं आणि डुकरं खायची. दुधातून लोणी आणि चीज निघायचं, आणि वर्षाच्या वर्षाला हातात येणारी किंवा दुकानदाराच्या वहीत जमा होणारी रक्कम बरीचशी त्यातूनच यायची. गव्हावर या भागात तांबेरा पडायचा, आणि १८२५ मध्ये पंचमहासरोवरांना हडसन नदीशी जोडणारा ईरी कालवा सुरू झाल्यावर पश्चिमेकडचं पीठ स्वस्तात येऊ लागलं. मग इथल्या शेतकऱ्यानं धान्यापेक्षा गवत, दूध आणि मांसावर भर दिला. फ्रीमन फार्मवर गव्हापेक्षा गवताला इतका मान का, याचं उत्तर त्या कालव्यात आहे.

स्वयंपाकघरात सकाळी लवकर जावं, कारण खरं काम चूल पेटवण्यापासून सुरू होतं. मोठ्या चुलाण्यात बिजागरीवर फिरणारा लोखंडी आडवा दांडा असतो, त्यावर कमी-जास्त उंचीला हंडे टांगतात. पण जाणकारानं लक्ष द्यावं ते खाली फरशीवर ओढलेल्या निखाऱ्यांकडे. मोठ्या जाळावर फारसं काही शिजवत नाहीत. एक मोठा विस्तव तेवत ठेवायचा, त्यातून निखारे काढून फरशीवर लहान-लहान ढीग करायचे, आणि प्रत्येक ढिगावर एक भांडं. तिपाईची कढई, तीन पायांचं पातेलं, आणि कडा उचललेल्या झाकणाची लोखंडी हंडी, जिच्या झाकणावरही निखारे ठेवतात. हंडीत भाजायचं असेल तर वर जास्त आणि खाली कमी निखारे. नवशिका नेहमी उलटं करतो, आणि तळ करपून वरचा भाग कच्चा राहतो. मांस भाजायला जाळासमोर टिनचा अर्धगोल डबा ठेवतात. त्याची आतली बाजू घासून लखलखीत ठेवावी लागते. ती काळवंडली की उष्णता परतवणं थांबतं आणि भाजायला लागणारा वेळ वाढत जातो.

विटांची भट्टी हा या घराचा सगळ्यात शिकण्यासारखा भाग. भट्टीच्या पोटातच बारीक चिरलेल्या कोरड्या लाकडांचा जाळ करतात, तो दीड-दोन तास. सुरुवातीला घुमटाच्या विटा काजळीनं काळ्या होतात. पुरेशा तापल्या की काजळी जळून जाते आणि विटा पुन्हा स्वच्छ दिसू लागतात. ती खूण पटल्यावर निखारे ओढून काढायचे, राख झाडायची, ओल्या फडक्यानं तळ पुसायचा, आणि दार लावून थोडा वेळ उष्णता सगळीकडे सारखी होऊ द्यायची. मग हात आत धरून आकडे मोजायचे. फार लवकर हात काढावा लागला तर अजून थांबायचं. पहिल्या कडक उष्णतेत पाव, मग पाय (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ), आणि शेवटी शेंगदाण्याएवढ्या दाण्यांच्या घेवड्याचं मडकं आणि मक्याचं पुडिंग रात्रभर. घाईनं दोन गोष्टी बिघडतात. जाळ कमी वेळ ठेवला तर घुमट तापतो पण तळ गार राहतो. निखारे एकाच कोपऱ्यात राहिले असतील तर तेवढ्याच भागावरचा पाव जळतो. एवढा खटाटोप रोज शक्य नव्हता, म्हणून आठवड्याची भाजणी एका दिवशी उरकत.

पाव गव्हाचा मिळेल अशा अपेक्षेनं जाऊ नये. घरचा पाव राय (गव्हासारखं एक धान्य) आणि मक्याच्या पिठाचा. मक्याच्या पिठाला चिकटपणा नाही, रायला अगदी कमी, त्यामुळे पाव दाट, ओलसर आणि जड होतो, नीट फुगत नाही. ते पीठ पातळसर ठेवतात आणि मंद उष्णतेत जास्त वेळ भाजतात. घट्ट मळून लवकर भाजलं तर पावाचा दगड होतो.

चुलीपाशी एक गोष्ट हमखास कानावर पडते. त्या काळी बाळंतपणाच्या खालोखाल बायका स्कर्टला आग लागून मरायच्या, अशी. तिला नोंदींचा आधार नाही. लोकर जळता जळत नाही, धुमसते, आणि बायका चुलीपाशी वावरायला लहानपणापासून सरावलेल्या असत. चटके, पोळणं आणि उकळतं पाणी अंगावर सांडणं हे धोके खरे होते. आवर्जून विचारण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, ती लाकडाची. उघड्या चुलाण्यांच्या घराला वर्षाला वीस ते तीस कॉर्ड लाकूड लागायचं. एक कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रास. घराशेजारची लाकडाची रास बघताना एवढं लक्षात असू द्यावं की ते लाकूड किमान एक वर्ष आधी तोडलेलं आहे. ओलं लाकूड धूर करतं, उष्णता स्वतःतलं पाणी उडवण्यात घालवतं, आणि भट्टीला तर ते चालतच नाही. तोडणी हिवाळ्यात, कारण तेव्हा बर्फावरून घसरगाडीनं ओंडके ओढायला निम्मे कष्ट पडतात.

दूधघरासाठी उन्हाळा निवडावा. गाई वसंतात वितात, हिरव्या गवतावर दूध वाढतं, थंडीत आटतं. म्हणून चीजचा हंगाम मे-जूनपासून शरद ऋतूपर्यंत. रात्रीचं आणि सकाळचं दूध एकत्र करून नुकत्याच काढलेल्या दुधाच्या उबेपेक्षा किंचित कमी, म्हणजे साधारण ८६ ते ९० अंश फॅरनहाइट ठेवतात आणि त्यात वासराच्या पोटाच्या अस्तरापासून केलेलं रेनेट घालतात. थर्मामीटर नसताना हे सगळं मनगटावर ठरायचं. पाऊण-एक तासानं दूध घट्ट झालं की बोट तिरकं खुपसून वर उचलायचं. थर सरळ रेषेत चिरला आणि फटीत निवळ पाणी दिसलं तर झालं, लिबलिबीत फाटला तर अजून थांबायचं. मग सुरीनं चौकोन, हलक्या हातानं ढवळणं, पाणी काढणं, मीठ, आणि कापडात गुंडाळून लाकडी कड्यात घालून दाबयंत्राखाली. हलक्या हातानं हा शब्द महत्त्वाचा आहे. जोरात ढवळलं की सगळं तूप पाण्याबरोबर निघून जातं. ते पाणी पांढरट दिसलं तर चीज कोरडं होणार हे नक्की, पिवळट-हिरवट आणि स्वच्छ दिसलं तर काम चांगलं चाललंय. दहा पौंड दुधाला सुमारे एक पौंड चीज पडतं. निवळ पाणी डुकरांना जातं.

एका दिवसात चीजचा प्रवास पूर्ण दिसणार नाही. दाब वाढवत दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो, आणि पुढे महिनोन्‌महिने फळीवर ठेवून रोज उलटायचं, पुसायचं, वरून लोणी चोळायचं. उलटलं नाही तर खालची बाजू ओली राहून सडते, लोण्याचा लेप सुटला तर सालीला चिरा पडतात आणि त्यात किडे आणि बुरशी शिरते. म्हणून नुसतं चीज करताना बघून निघू नये. फळीवरची जुनी चीज दाखवायला सांगावं, शेजारी शेजारी ठेवून साल बघावी. खरं कसब तिथे दिसतं.

लोण्याचं काम लवकर आटोपतं आणि मुलांना जास्त आवडतं. पसरट भांड्यांत बारा ते चोवीस तास ठेवलेल्या दुधावरची साय, उभं लाकडी पिंप, आणि वर-खाली करायचा दांडा. साय साठेक अंश फॅरनहाइटला असावी. गरम असली तर लोणी लवकर येतं, पण मऊ आणि तेलकट. फार गार असली तर फेस होत राहतो आणि लोणी काही येत नाही. अर्ध्या तासाच्या आगेमागे दांड्याचा आवाज बदलतो, घुमणारा भरीव आवाज जाऊन पाण्यासारखा डुचमळू लागतो. तिथे थांबायचं. पुढचं काम पाहणारे सहसा वगळतात आणि नेमकं तेच महत्त्वाचं आहे. ताक काढून गार पाण्यानं लोणी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं, लाकडी पळीनं दाबून उरलासुरला थेंब काढायचा, मग पौंडामागे औंसभर मीठ. हातानं मळायचं नाही, हाताच्या उबेनं ते पाघळतं. ताकाचा अंश राहिला तर लोणी आठवड्यात खवट होतं, आणि खवट लोणी दुकानदार पडत्या भावानं घेई किंवा घेतच नसे. एका पौंडाला वीस ते पंचवीस पौंड दूध लागतं, हे ऐकल्यावर त्या धुण्या-दाबण्यात एवढा जीव का ओतायचे ते कळतं.

शेतात सगळ्यात आधी बैल बघावेत. गडद तांबड्या डेव्हन जातीची जोडी इथली ओळख आहे. या गुरांना वशिंड नसतं. जू मानेवर बसतं आणि मानेखालून वाकवलेल्या लाकडाची कमान घालून ती जुवातच वरून खिळवतात. कमान मानेला तळहात सरकेल एवढी सैल हवी. घट्ट झाली तर श्वास कोंडतो, ढिली झाली तर खांदे सोलतात. हाकणारा जोडीच्या डाव्या बाजूनं चालतो. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. वासरू असतानाच लहान जुवाखाली शिकवायला सुरुवात करतात, आणि पूर्ण वाढीचा बैल व्हायला चौथं वर्ष उजाडतं. घोडा वेगवान, पण त्याला दाणा लागतो, सामान महाग, आणि म्हातारपणी त्याचं काही करता येत नाही. बैल गवतावर राबतो, दगडाला अडलं तर झटका न देता सावकाश जोर लावतो, आणि शेवटी मांस, कातडं आणि चरबी देतो. दगडांनी भरलेल्या या जमिनीत तो सावकाश जोर फार मोलाचा. घोड्याच्या झटक्यानं नांगर मोडतो.

नांगर इथे ओतीव लोखंडाचा. जेथ्रो वुडनं १८१९ मध्ये सुटे भाग बदलता येतील अशा नांगराचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या दोन दशकांत लाकडी नांगर मागे पडले. सुरुवातीला लोखंडानं जमीन विषारी होते अशी भीती होती. पण खरा फरक सोयीत होता. फाळ मोडला की लोहाराकडे नांगर पाडून ठेवावा लागत नव्हता, तो भाग तेवढा विकत आणून बसवायचा. चांगली जोडी आणि सवयीची जमीन असेल तर दिवसाला एक ते दीड एकर. नांगरताना माणसाच्या हातांकडे बघावं. मुठी खाली दाबल्या तर फाळ वर येतो, उचलल्या तर खोल जातो. नवखा माणूस सारखं काहीतरी दुरुस्त करत राहतो आणि नांगराचं तास वाकडं होतं.

दर थंडीत गोठण्या-वितळण्यानं जमिनीतून नवे दगड वर येतात. ते चाकं नसलेल्या सपाट घसरगाडीवर घालून बैलांकडून ओढून बांधावर रचतात. शेताभोवतीच्या दगडी भिंती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या साफ केलेल्या जमिनीचा हिशेब आहे. भिंतीत मुठीएवढे दगड खूप दिसले तर त्या बाजूला नांगरट होत होती असं समजावं. कुरणासाठी कोणी बारके दगड वेचत बसत नाही.

मका ओळीत न पेरता आळ्यांत लावतात. आळ्यात फावडंभर शेणखत, चार-पाच दाणे, तीन-चार फुटांवर पुढचं आळं. चारी बाजूंनी सारखं अंतर ठेवलं की उभा-आडवा कुळव किंवा खुरपणी दोन्ही दिशांनी करता येते. मध्ये भोपळे आणि घेवडा. ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली की पेरायचं, हा जुना ठोकताळा, आणि तो बरोबर ठरतो, कारण पानं फुटतात ती जमिनीच्या उबेवरच. तीन वेळा खुरपून मुळांशी माती ओढायची. एकराला २५ ते ४० बुशेल (धान्य मोजायचं जुनं माप) आले तर पीक चांगलं. कणसं ठेवायची कोठी बघायला विसरू नका. फटी असलेल्या भिंती म्हणजे हवा खेळती राहावी आणि दाण्याला बुरशी लागू नये. जमिनीपासून उचललेली बैठक उंदीर शिरू नयेत म्हणून.

आता गवत. या शेतावर एकच काम बघायचं असेल तर जुलैतली गवतकापणी बघावी. वर्षाचा सगळा हिशेब या तीन-चार आठवड्यांत ठरायचा, कारण एका गाईला हिवाळ्याभरात सुमारे दोन टन वाळलं गवत लागतं. ते कमी पडलं तर शरद ऋतूतच गुरं विकायची किंवा मारायची. उभ्यानं चालवायच्या लांब दांड्याच्या विळ्यानं कापतात. दांड्याला वळण असतं आणि दोन मुठी, ज्या कापणाऱ्याच्या उंचीप्रमाणे सरकवून घट्ट करतात. पात्याची पाठ जमिनीला टेकलेली ठेवून कमरेतून अर्धवर्तुळ घ्यायचं, हातांनी ओढायचं नाही. पातं आत आलं की थोडं पाऊल पुढे. दव असतानाच कापायला घेतात. ओलं गवत पात्यापुढे उभं राहतं, वाळलेलं लवतं आणि पातं वरून घसरतं. चांगला कापणारा दिवसाला एकर उरकतो. दर काही मिनिटांनी थांबून दगडानं धार लावतो, आणि ती वेळ वाया गेली असं ज्याला वाटतं तो दुपारपर्यंत थकलेला असतो. अमेरिकी पातं कठीण पोलादाचं, ते चाकावर घासून पातळ करतात. हातोडीनं ठोकून पातळ करायच्या मऊ युरोपी पात्यांची रीत त्याला लावली तर कड तडकते.

कापलेलं गवत पसरवायचं, उलटायचं, संध्याकाळचं दव पडायच्या आत ओळी करून लहान ढीग रचायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचं. वाळलं की नाही हे मूठभर गवत पिळून बघतात. देठातून ओल आली किंवा पीळ सुटून परत सरळ झाला नाही तर थांबायचं. ओलं गवत कोठारात दाबून भरलं तर आतून तापतं, बुरशी धरतं, आणि फार तापलं तर आपोआप पेटतं. एका रात्रीत वर्षाची वैरण आणि कोठार दोन्ही जातं. थोडीशी ओल राहिली असेल तर थरांवर मीठ भुरभुरायची रीत होती. गवताच्या दिवशी आभाळ भरून आलं तर घरातली बायकामुलंसुद्धा रेक (गवत ओढायचं दाताळं) घेऊन रानात उतरत. इतर वेळी बायकांची आणि पुरुषांची कामं काटेकोर वेगळी असत, गवत त्याला अपवाद.

मळणी हिवाळ्यातलं काम. कोठाराच्या मधोमध फळ्यांची जमीन, एका बाजूला गुरं, दुसऱ्या बाजूला गवताची चळत. चामड्यानं जोडलेल्या दोन काठ्यांचं झोडपणं असतं. लांब काठी हातात, आखूड कठीण काठी पेंढीवर सपाट पडली पाहिजे. टोकानं पडली तर दाणा फुटतो आणि काठी उडून डोक्यात बसते. दोघं मिळून झोडपत असतील तर ताल सांभाळावाच लागतो. हे काम थंडीत ठेवण्याला कारण आहे. गार कोरड्या हवेत दाणा ओंबीतून सहज सुटतो, दमट दिवशी चिकटून बसतो.

शेतापलीकडे दळणाच्या गिरणीत जाताना मजुरीचं विचारावं. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानं गिरणीवाल्याला सोळावा हिस्सा, म्हणजे बत्तीस क्वार्टच्या बुशेलमागे दोन क्वार्ट धान्य ठेवून घेता येई. पैसे द्यावे लागत नसत. लोकर पिंजायची गिरणी मेन राज्यातल्या साउथ वॉटरफर्डहून आणलेली आहे, आणि पाण्यावर फिरणारे तिचे दातेरी रूळ तेलकट लोकरीचे पेळू करून देतात. हातानं पिंजायला ज्या कामाला अनेक दिवस लागत ते यंत्र एका दिवसात करी, म्हणून सूतकताई घरात राहिली तरी पिंजण घराबाहेर गेली. डाव्या हातानं पेळू ओढत मोठ्या चाकाजवळून मागे-पुढे चालणारी बाई दिसली तर थोडा वेळ थांबावं. पेळू गाठाळ असेल तर धागा जाड-बारीक येतो, आणि त्याचं एक कारण मेंढी कातरण्याआधी नीट न धुणं हे असू शकतं.

आसा नाइटचं दुकान व्हरमाँटमधल्या डमरस्टनहून आलं आहे. ते सगळ्यात शेवटी बघावं. शेतावर बघितलेलं लोणी आणि चीज इथे काउंटरवर येऊन चहा, साखर, मोलॅसिस, कापड आणि खिळे होतं. शेतकऱ्याच्या मुली आयात केलेल्या ताडपत्रांच्या टोप्या विणायच्या आणि त्यांची किंमत याच वहीत जमा व्हायची. रोख पैसा फार कमी फिरायचा. एका दिवसाच्या शेतमजुरीचा भाव पाऊण ते एक डॉलर धरून शेजारी एकमेकांकडे राबत, वहीत लिहून ठेवत आणि वर्षाकाठी हिशेब मिटवत.

उणिवाही सांगायला हव्यात, आणि त्या बऱ्याचशा अशा प्रकारच्या कोणत्याही संग्रहालयात असणारच. इमारती वेगवेगळ्या गावांतून आल्या आहेत, तेव्हा नकाशावर जो शेजार दिसतो तो प्रत्यक्षात कधी नव्हता. संग्रहालयाच्या वेळा पाहुण्यांच्या सोयीच्या आहेत, शेताच्या नाहीत. पहाटेची धार आणि रात्रीचा अंधार त्यात येत नाही, आणि चरबीच्या मेणबत्तीत किती कमी दिसतं हे कळल्याशिवाय त्या काळच्या दिवसाची लांबी उमगत नाही. चारपाच मुलांचा, एखाद्या मजुराचा आणि कामाला ठेवलेल्या शेजारच्या मुलीचा गोंगाट एका घरात कसा मावायचा, हे दोन कर्मचारी असलेल्या शांत स्वयंपाकघरातून दिसत नाही. ही जमीन आधी निपमक या मूळ रहिवासी लोकांची होती, हेही शेत बघताना आपणहून लक्षात ठेवावं आणि विचारावं.

एका भेटीत एकच हंगाम बघायला मिळतो, ही खरी अडचण. नांगरट आणि पेरणीसाठी एप्रिल-मे, चीज आणि गवतासाठी जून-जुलै, मका सोलणं आणि सफरचंदाचा रस काढणं यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर. शरद ऋतूत पानांच्या रंगांमुळे गर्दी फार, चुलीपाशी दुसऱ्या ओळीतून काही दिसत नाही, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं. रोज सगळीच कामं चालत नाहीत, तेव्हा शिरतानाच त्या दिवशी शेतावर काय आहे ते विचारून घ्यावं आणि तिथे आधी जावं. चिखलातले बूट घालावेत. लहान मुलांना आठ इमारतींपेक्षा एका पिंपातलं लोणी पुरतं.

हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मेपलच्या झाडाचा रस आटवतात, आणि शेतावरच्या रिकाम्या दिवसांतलं हे काम आवर्जून बघण्यासारखं आहे. सुमारे चाळीस गॅलन रसाचा एक गॅलन पाक होतो, पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सात अंश फॅरनहाइट वर गेला की पाक तयार. त्या काळी मात्र तो आणखी आटवून साखर करत, कारण साखर टिकते, पाक आंबतो. शेवटच्या टप्प्यात क्षणभर दुर्लक्ष झालं की कढई उतू जाते किंवा तळाला लागते, म्हणून वर डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीनं टांगतात. फेस त्याला लागला की बसतो. रस वाहायला रात्री गोठणारी थंडी आणि दिवसा वितळवणारं ऊन, दोन्ही लागतं, तेव्हा निघण्याआधी चार दिवसांचं हवामान बघून घ्या.